चीर पाडलेला तुकडा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे थरवाल्या बाई म्हणत. एकोणीस वर्षं त्यांचं एकच काम होतं. हवा उपसून काढलेल्या पोलादी पेटीत काचेच्या तुकड्यावर चांदीचा थर चढवायचा, त्यावर ऑक्साइडचा, पुन्हा चांदीचा, असे वीस थर. सगळे मिळून केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्साही भरत नसत.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर त्या थरांची एक अगदी चिंचोळी पट्टी कोरून घेत आणि तिच्या एका टोकातून प्रकाश सोडत. साध्या काचेच्या एवढ्या अरुंद वाटेत प्रकाशाची लहर मावतच नाही. या थरांत मात्र ती अंग चोरून शिरते आणि हळूहळू पुढे सरकते. अडचण एवढीच, की वाटेत चांदीच तिला गिळून टाकते. सात वर्षं पलीकडच्या टोकाला काळोखच होता. सरांची निवृत्ती जवळ आली होती, आणि त्यांच्या हाताखालच्या मुलीची पीएचडी याच एका मोजमापावर अडून बसली होती.

एका सकाळी पडद्यावर ठिपका उजळला. मुलगी किंचाळलीच. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बाई, चांदी झाली हो आपली!"

लेख छापून आला, अभिनंदनाचे फोन आले. बाईंना मात्र चैन पडेना. तुकडा त्यांच्या हातचा होता, आणि तो काही खास उतरला नव्हता. चांदी खरबरीत बसली होती. मग चांगल्या तुकड्यांतून न गेलेला प्रकाश याच्यातून कसा गेला? तीन आठवडे त्या हाच प्रश्न मनात घोळवत राहिल्या. शेवटी एक दिवस मुलगी रजेवर असताना त्यांनी तशीच दुसरी पट्टी घेतली, कोरायच्या यंत्राने तिला मधोमध आरपार चीर पाडली आणि प्रकाश सोडला.

ठिपका तसाच उजळला. तितकाच.

प्रकाश पट्टीतून जातच नव्हता, खालच्या काचेतून निसटून पलीकडे पोचत होता.

त्या तडक सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुणाला बोललात?"

"नाही, सर."

"मला पहिल्याच आठवड्यात शंका आली होती," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "चीर पाडून बघायची हिंमत झाली नाही."

"मग आता?"

"आता पाडलीत ना तुम्ही."

सरांनी लेख मागे घेतला. चूक माझी, असं लिहून दिलं. महिन्याभरात प्रकल्प बंद झाला, पेटीची खोली कुलपात गेली. सर रोज वेळेवर यायचे, रिकाम्या टेबलाशी बसायचे. त्यांच्या दारात कुणी फिरकेना. निवृत्त झाले त्या दिवशी साधा निरोपही कुणी दिला नाही. स्वतःची पिशवी स्वतःच उचलून ते जिना उतरले.

लेख मागे घेतला त्याच दिवशी मुलीने बाईंना जिन्यात गाठलं होतं. "तुम्हाला काय पडलं होतं? थर द्यायचे तुम्ही, मोजायचं काम माझं होतं!" पीएचडी अर्धवट सोडून ती गेली.

बाई आता चष्म्याच्या भिंगांवर लेप चढवण्याच्या कारखान्यात जातात. थोरली बहीण अजून ऐकवते, "गप्प बसली असतीस तर कुणाचं काय बिघडलं असतं गं?"

"ताई, ते मलाही कळत नाही," बाई म्हणतात. "पण गप्प बसवलं नाही."

गेल्या महिन्यात त्यांनी धीर करून मुलीला फोन लावला. तिने "हॅलो" म्हटलं. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. बाई बराच वेळ तो कानाशी तसाच धरून उभ्या होत्या.