तोकशिमबाईंचे दोन आकडे

दोमपो गावच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की काळ्या कातळावर खळग्यांची एक लांबलचक रांग उघडी पडते. तोकशिमबाई परकरात होत्या तेव्हापासून त्या खळग्यांत शिंपले धुवायच्या. पुढे शहरातून एक प्राध्यापक आले, कातळावर पालथे पडले, मोजपट्टी लावली आणि म्हणाले, "हे डायनासोरचे पाय."

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी जनावराच्या पायात कालवणाचे शिंपले धूत होते?" बाई एवढंच म्हणाल्या आणि उरलेले शिंपले त्याच खळग्यात धुतले.

आता दर शनिवारी त्या गळ्यात ओळखपत्र अडकवून पाहुण्यांना कातळ दाखवतात. "दहा कोटी वर्षांपूर्वी हे बाबा इथून गेले. घाईत नव्हते. पावलं बघा किती जवळजवळ पडलीत!" आणि रविवारी सकाळी तोच घसा खाकरून चर्चमध्ये चिमुरड्यांना शिकवतात, की देवाने सहा दिवसांत सगळी सृष्टी केली. एकतीस वर्षं हा वर्ग त्यांचाच. पोरंबाळं झाली नाहीत, नवरा समुद्राने नेला. आठवडाभर गप्प असलेलं त्यांचं घर रविवारची वाट बघत असायचं. शनिवार आणि रविवार यांचं आपसांत कधी भांडण झालं नव्हतं.

ते लावलं दानबीने. दानबी म्हणजे प्यो जांगनोंची सहा वर्षांची नात, आणि जांगनो म्हणजे चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. पाळकाच्या खालोखाल त्यांचा शब्द. शनिवारी ती कातळ बघून आली आणि जेवता जेवता तिने विचारलं, "आजोबा, दहा कोटी वर्षांपूर्वी तुम्ही कितवीत होता?"

जांगनोंच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली आल्या. त्यांच्या हिशोबी पृथ्वी सहा हजार वर्षांची. दिवस म्हणजे चोवीस तास. मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. डायनासोर? होते ना, नोहाच्या तारवातच होते. पण अंड्यांत, जागा वाचावी म्हणून.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये नूडल्सची पंगत उठली आणि त्याच टेबलावर बैठक बसली. एका बाजूला जांगनो, दुसऱ्या बाजूला बाई, आणि मधे तरुण पाळक, लग्नात दोन्हीकडचे व्याही सांभाळणाऱ्या मध्यस्थासारखे.

"तोकशिमबाई, किनारा ठेवा नाहीतर वर्ग ठेवा," जांगनो म्हणाले. "दोन्ही चालणार नाही. सहा हजार की दहा कोटी? एक आकडा सांगा."

बाईंच्या मनात एकच आलं, वर्ग जाणार! पण चेहरा त्यांनी पुसलेल्या टेबलासारखा ठेवला.

पाळक हळूच म्हणाले, "काही विद्वानांचं मत असं आहे, की तिथला दिवस म्हणजे एक मोठं युगही..."

"पाळकसाहेब, युग असतं तर देवाने युग लिहिलं असतं. त्याला काय अक्षरं महाग होती? जे लिहिलंय ते लिहिलंय!"

"जे लिहिलंय तेच खरं?" बाईंनी विचारलं.

"तेच!"

"बरं. जांगनोसाहेब, तुमचं वय काय हो?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"एक आकडा सांगा."

जांगनोंनी चष्मा काढला. चष्मा पुसला. "एकोणसत्तर."

"अरे ग्युसोक!" बाईंची जीभ एकदम शाळेत पोचली. "तू आणि मी एका बाकावर होतो. बारा प्राण्यांच्या बारा वर्षांत दोघंही ड्रॅगनच्या वर्षी जन्मलेले. मी बहात्तराव्यात पाऊल ठेवलं आणि तू वाटेत कुठे बसून राहिलास?"

"चर्चमध्ये ड्रॅगनबिगन काढू नका!"

"बरं, ड्रॅगन राहिला. तुझी आई, देव तिचं भलं करो, जुन्या रीतीने पोटातलं एक आणि नवीन साल लागल्याचं एक धरून त्र्याहत्तर म्हणाली असती. जन्मापासून मोजलं तर एकाहत्तर. आणि कागदावर एकोणसत्तर."

"लढाईचे दिवस होते. पोरं जगत नव्हती," जांगनो पुटपुटले. "बाबांनी नोंद उशिरा केली. त्यात माझा काय दोष?"

"कुणी दोष दिलाय? फक्त मला सत्तरी झाली तेव्हा याच खोलीत हार घालून मंडळीतल्या पदावरून उतरवलंत, वर्ग तेवढा राहिला. सत्तरीनंतर पद नाही, नियम म्हणजे नियम. फोटो आहे. तुम्हीच टाळ्या वाजवताय."

पाळकांना एकाएकी खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

"म्हणजे मी खोटा?" जांगनोंचा आवाज खाली उतरला होता.

"खोटा कसा? कागद त्याच्या जागी खरा, गुडघे त्यांच्या जागी खरे. कागद सांगतो तू कुणाचा, कुठल्या घरचा. गुडघे सांगतात किती चाललास. मी पवित्र शास्त्र उघडते ते देव कोण आणि आपण कुणाचे हे मुलांना कळावं म्हणून. कातळापाशी जाते ती देव किती चालला ते बघायला. आणि खरं सांगू? तो घाईत होता असं मला कधी वाटलंच नाही."

स्वयंपाकघरात कुणाची तरी पातेल्याशी झटापट चालली होती.

"वर्ग राहू दे," शेवटी जांगनो म्हणाले. "पण सृष्टीचा आठवडा मी शिकवणार. तुम्ही मागे बसायचं. गप्प."

"बसते की!"

त्याच्या पुढच्या रविवारी जांगनो सूट घालून, पडद्यावर चित्रं टाकून उभे राहिले. पहिला दिवस उजेडाचा, दुसरा आभाळाचा, तिसरा झाडांचा. आवाज खणखणीत. चौथ्या दिवशी सूर्य आला आणि दानबीचा हात वर गेला.

"आजोबा, सूर्य आज आला, तर आधीचे तीन दिवस संपले हे कसं कळलं?"

जांगनोंनी पडद्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. तोकशिमबाई मन लावून संत्रं सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"मला माहीत नाही," जांगनो म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून गावात कुणीच ऐकलेलं नव्हतं. "देवाकडे गेलो की विचारीन."

"कधी जाणार?" दानबीने वही उघडून विचारलं.

बाईंच्या हातातली फोड निसटून खाली पडली. तोंडाला पदर लावायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी सगळं संत्रंच तोंडासमोर धरलं. मग उठल्या, पोरांना एकेक फोड वाटली आणि जांगनोंच्या हातात दोन ठेवल्या.

"चला गं, चला रे, पाचवा दिवस," त्या म्हणाल्या. "मासे! सांगा बघू, आपल्या समुद्रात कोण कोण आहे?"