माझ्या बाजूचा क्लच

संगमनेरात आमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. पाटीवर नाव माझ्या नवऱ्याचं, गाड्या दोन, आणि बायकांना शिकवायला मी. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारी गोंधळली की आपण आपला पाय दाबायचा. गाडी बंद पडत नाही, कुणाला धडकत नाही, आणि तिला वाटतं आपणच सावरली. चौदा वर्षं मी हे करत आले. किती जणींना शिकवलं ते आता आठवत नाही, पण एक आठवते, कारण तिचा मला हेवा वाटत आला आहे.

ती जवळच्याच एका खेड्यातली. घरी गाई होत्या आणि डेअरीला दूध घालायची पिकअप. नवऱ्याच्या पाठीचं दुखणं वाढलं तेव्हा पिकअप चालवायला शिकायची म्हणून माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, मला लई भीती वाटती. पन शिकवाच." पहिल्या आठवड्यात तिनं क्लच इतक्यांदा झटक्यात सोडला की माझ्या पायाला गोळे यायचे. दुसऱ्या आठवड्यात मात्र तिचा हात बसला. सीट अगदी पुढे ओढून, हनुवटी वर करून, काच फोडून बाहेर पडणार असल्यासारखी ती बसायची. मी पुष्कळदा सांगितलं, मागे सरक. ती सरकली नाही.

पुढे दोन-तीन वर्षं तिनं पिकअप चालवली. बाजाराला आली की आमच्या ऑफिसात डोकवायची, चहा घ्यायची, कुठल्या वळणावर काय झालं ते सांगायची. मला ती आवडायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

एक दिवस गावातल्या एका दवाखान्याचे व्यवस्थापक आमच्याकडे आले. त्यांना ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर हवा होता. "हात शांत असलेला माणूस पाहिजे," ते ह्यांना म्हणाले, "वेगाचं वेड नको." मी शेजारच्या टेबलावर शिकाऊ लायसनचे फॉर्म भरत बसले होते. अपघाताशिवाय इतकी वर्षं गाडी चालवलेली, आख्ख्या तालुक्याला शिकवलेली बाई त्यांच्यापासून तीन हातांवर होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ह्यांनीही पाहिलं नाही. दोन-तीन पोरांची नावं सुचवली. आणि मी? "मी येते" हे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते. मी ते गिळले आणि चहा सांगितला.

त्याच आठवड्यात ती आली तेव्हा बोलता बोलता मी तिला ही गोष्ट सांगितली. हसण्यावारी सांगितली. "त्यांना काय वाटतं, बायका ॲम्ब्युलन्स चालवत नाहीत?" असं काहीतरी. तीही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली आणि व्यवस्थापकांना म्हणाली, मी चालवते. त्यांनी तिला स्टीअरिंगवर बसवून पार घुलेवाडीपर्यंत गाडी फिरवून आणायला लावली आणि पंधरा दिवसांनी कामावर घेतलं.

पेढे घेऊन ती आधी माझ्याकडे आली. मी पेढा खाल्ला, तिच्या पाठीवर थाप मारली. घरी आल्यावर भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं की मी दातओठ खात चिरते आहे.

मग ते सुरूच झालं. स्थानिक पेपरात तिचा फोटो आला. तिच्या गावात तिचा सत्कार झाला. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या बायका पहिलाच प्रश्न विचारायला लागल्या, "त्या ॲम्ब्युलन्सवाल्या ताई तुमच्याकडेच शिकल्या ना?" हो, माझ्याकडेच शिकल्या. मी हसून सांगायचे आणि नंतर त्या बाईला दिवसभर घाटात शिकवल्यासारखी दमवायचे.

रस्ता सुरक्षा सप्ताहात एका कॉलेजात कार्यक्रम होता. दर वर्षी मला बोलावत. त्या वर्षी दोघींना बोलावलं, आणि मुख्य पाहुणी ती होती. ती माइकपुढे उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "सायरन ऐकला की घाबरून जागच्या जागी थांबू नका. आधी आरसा बघा, मग इंडिकेटर द्या, मग डाव्या बाजूला व्हा. ब्रेक शेवटी. आणि आमची गाडी गेली की तिच्यामागं चिकटून पळू नका." पोरं लक्ष देऊन ऐकत होती. ते सगळं माझं होतं. शब्दांचा क्रमसुद्धा माझा. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग डावी बाजू, ब्रेक शेवटी, हे मी वर्षानुवर्षं रिकाम्या डोळ्यांनी ऐकणाऱ्या पोरांना सांगत आले होते. तिनं शेवटी माझ्याकडे हात केला. "हे मला माझ्या मॅडमनी शिकवलं." टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला. तिनं नाव घेतलं नसतं तर मला निदान रागावता तरी आलं असतं. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

आणि मग ती सकाळ.

उसाचे दिवस होते. अकराच्या सुमाराला मी एका कापडदुकानदाराच्या सुनेला घेऊन जुन्या पुणे-नाशिक रस्त्यावर निघाले होते. तिचा तो दहावा की अकरावा दिवस. पोरगी हुशार, पण हलक्या काळजाची. मध्ये दुभाजक, आमच्या बाजूला दोन गाड्या जेमतेम मावतील एवढा रस्ता. डाव्या बाजूला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता. मी तिला त्याच्या उजवीकडून पुढे काढायला सांगितलं. अर्धं अंतर कापलं आणि मागून सायरन ऐकू आला.

माझ्या बाजूला माझा वेगळा आरसा असतो. त्यात मी पाहिलं. पांढरी गाडी, वर फिरणारा दिवा, आणि काचेला नाक लावून बसल्यासारखी ती. हनुवटी वर.

करायचं काय ते मला झोपेतही सांगता आलं असतं. क्लच दाबून ठेवायचा, एक हात स्टीअरिंगला लावायचा, पोरीला म्हणायचं, थर्ड टाक, दे ॲक्सिलरेटर, ट्रॅक्टर मागे टाक आणि घे डावीकडे. चार सेकंदांचं काम. पोरगी दचकली. तिनं ॲक्सिलरेटर सोडला आणि क्लच न दाबता नुसता ब्रेक दाबला. गाडी थरथरायला लागली. माझा पाय क्लचच्या बाजूला होता. मी तो उचलून क्लचवर ठेवला नाही.

विसरले नाही, गोंधळले नाही. माझ्या मनात अगदी स्पष्ट शब्द आले: थांबू दे जरा हिलाही.

गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. मला वाटलं होतं, एवढंच होईल. चार-पाच सेकंद ती माझ्यामागे उभी राहील आणि मी गाडी काढीन. पण ट्रॅक्टरवाला भला माणूस. सायरन ऐकून त्यानंही आहे तिथेच ब्रेक मारला. दोन्ही बाजू अडल्या. पोरगी किल्ली फिरवत होती, पण गिअर तसाच, गाडी नुसती उड्या मारत होती. मागे सायरन ओरडत होता. तेव्हा मात्र मला कळलं, हे चार-पाच सेकंदांत संपणारं नाही. मी दार उघडून धावले, ट्रॅक्टरवाल्याला ओरडले, "थांबू नका, पुढे घ्या, पुढे घेऊन डावीकडे!" त्याला ऐकायला वेळ लागला. ट्रॉल्या हलायला त्याहून वेळ लागला. मी परत आले, बाहेरूनच आत वाकून गिअर काढला, पोरीला गाडी चालू करायला लावली आणि ट्रॅक्टरमागच्या मोकळ्या जागेत घ्यायला लावली. किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही.

ॲम्ब्युलन्स शेजारून गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्या काचेतून एका म्हाताऱ्या बाईची पाठ दिसली. ती कुणावर तरी वाकली होती.

कापडदुकानदाराची सून स्टीअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. आणि मी, इतकं करून, तिला म्हणाले, "सायरन आला की असं घाबरायचं नसतं. किती वेळा सांगितलं होतं?"

संध्याकाळी फोन आला. तिचाच.

"मॅडम, सकाळी गाडी बंद कशी पडली?"

"नवीन आहे गं पोरगी. घाबरली."

"गाडीत तुमी हुतात ना?"

"होते."

"मग बंद कशी पडली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सव्वा महिना मी त्या गाडीत शिकले," ती म्हणाली. "शंभरदा क्लच सोडला आसंल. एकदा बी तुमी गाडी बंद पडू दिली न्हाई." मग म्हणाली, "आत एक बाई हुती. दम लागून निळी पडलेली. सासू तिचे पाय चोळत हुती आन मला म्हनत हुती, बाई, का थांबलीस? आता बरी हाय ती. बरी हाय म्हनूनच इचारते हाय. न्हाईतर इचारलं नसतं." आणि तिनं फोन ठेवला.

ह्यांनी विचारलं, कुणाचा फोन? मी सांगितलं. हे म्हणाले, "तू कशाला मनावर घेतेस? शिकाऊ पोरगी होती, तुझा काय दोष?" मला ते ऐकायला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच रात्री लाज वाटली.

तीन दिवस पोरगी शिकायला आली नाही. चौथ्या दिवशी तिच्या सासूबाईंचा फोन. "आमच्या सुनेला काही हे जमायचं नाही. पेशंटला काही झालं असतं तर? ती जेवत नाही धड. राहू द्या तिचं शिकणं." मी म्हणाले, मी येते.

दुकानाच्या वरच त्यांचं घर. मला बसायला दिलं. पोरगी आतून आली, दाराशीच उभी राहिली. मी पाणी प्यायले आणि सांगून टाकलं. गाडी तिच्यामुळे बंद पडली नाही. माझ्या बाजूला क्लच असतो, तो मी दाबला नाही. जाणूनबुजून दाबला नाही.

सासूबाईंना आधी कळलंच नाही. "म्हणजे? मुद्दाम?"

"हो, मुद्दाम."

"का?" हे पोरीनं विचारलं.

"कारण ती गाडी मला चालवायची होती," मी म्हणाले. दुसरं कारण मला सापडलं नाही. त्यांनी चहा विचारला नाही, आणि मीही थांबले नाही. आठवड्यानं पोरगी परत आली. पण माझ्याकडे नाही. "सरांकडे शिकते," म्हणाली. ह्यांनी तिला शिकवलं, तिला लायसन मिळालं, आता दुकानाची गाडी ती चालवते. रस्त्यात दिसली की मान हलवते, इतकंच. ह्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते टीव्ही बंद करून म्हणाले, "तुला चालवायची होती, तर तेव्हा बोलली का नाहीस?"

नेमकं तेच तिनंही विचारलं. मी दवाखान्याच्या आवारात तिला भेटायला गेले तेव्हा ती ॲम्ब्युलन्सचं मागचं दार उघडून ऑक्सिजनची टाकी पाहत होती. मी म्हणाले, चूक माझी होती. ती म्हणाली, "मला ठाव हाय." हात पुसले, दार लावलं. "तवा साहेबाला का बोलला न्हाई तुमी? मला वाटलं, तुमाला नकोच हाय. पायजे हाय म्हनला असता तर मी गेले नसते."

"आता काय बोलणार," मी म्हणाले.

"माज्या मॅडमनी शिकवलं आसं मी समद्यांना सांगते," ती म्हणाली. "आता सांगताना आडखळते."

तेवढ्यात तिला आतून हाक आली आणि ती गेली. मी तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. त्यांना म्हटलं, कधी सुट्टीच्या दिवसासाठी ड्रायव्हर लागला तर मला बोलवा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, वहीत नंबर लिहून घेतला, आणि "नक्की" म्हणाले. त्यांचा फोन अजून आलेला नाही.

दिवाळीनंतर एक दिवस ती आमच्या ऑफिसात आली. अंगावर दवाखान्याचा निळा कोट, बरोबर तिची धाकटी नणंद. "हिला शिकवा," म्हणाली.

"माझ्याकडे?"

"मग कोनाकडं? गावात दुसरं चांगलं शिकवतं कोन?" हसली नाही. फी भरली, नणंदेला म्हणाली, मॅडम म्हणतील तसं कर, आणि निघाली. बाहेर तिची गाडी उभी होती. सायरन बंद होता, दिवाही बंद. तरी ती रस्त्याला लागली तशी समोरची रिक्षा बाजूला झाली, एका मोटारसायकलवाल्यानं मागे सरून तिला जागा दिली आणि हात वर केला. मी खिडकीतून पाहत होते. मनात तेच आलं जे पेढे आले त्या दिवशी आलं होतं. ते गेलेलं नाही, आणि जाईल असंही मला वाटत नाही.

नणंद गाडीत जाऊन बसली होती. तिचे पाय पुरत नव्हते. सीट पुढे कशी घ्यायची, असं तिनं विचारलं. मी खाली वाकून तिला सीटखालचा दांडा दाखवला.