गाळीअण्णा आणि उलटा पंखा

गाळीअण्णा कुठल्याही खोलीत शिरताना आधी हात आत घालायचे. उंबऱ्यावर थांबून उजव्या हाताचा पालथा पंजा दाराच्या फटीशी धरायचे, मग जरा वर, मग खाली. देवळात, दवाखान्यात, पाहुण्यांच्या घरीसुद्धा. एकदा हवेचा अंदाज आला की हलक्या आवाजात म्हणायचे, "कुठनं येतंय ते कळलं. जातंय कुठनं?" ते समजेपर्यंत बसायचे नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नागपूरहून नोकरीसाठी बंगळूरला आलो, तेव्हा इंदिरानगरात त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. गल्लीत सगळे त्यांना गाळीअण्णा म्हणतात हे ऐकून मी पहिले आठ दिवस त्यांच्यासमोर जपून वागत होतो. वाटलं, माणूस शिव्या देणारा असणार. मग त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, हसत सांगितलं, "अरे, गाळी म्हणजे वारा. कन्नडात. ह्यांच्या तोंडात दुसरं काय असतंय?" त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. मराठी बोलताना मधेच 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, असे शब्द येऊन बसायचे, आणि मला ते 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ.

पण ती वाऱ्याची आवड नव्हती, आगीची भीती होती. हे ओळखायला मला वेळ लागला. अण्णा काडी ओढत नसत. देवापुढचा दिवासुद्धा अक्का लावायच्या आणि तो लागेपर्यंत अण्णा अंगणात उभे राहायचे. भिंतीतल्या प्रत्येक प्लगला दिवसातून दोनदा हात लावून तो गरम आहे का बघायचे. इस्त्री चालू असली की हातातलं काम सोडून तिच्याकडे पाहत राहायचे. निवृत्त होण्याआधी ते होसकोट्याला विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते एवढंच मला माहीत होतं. तिथली गोष्ट काढली की म्हणायचे, "सोड की रे तम्मा. जुनं झालं."

त्या वर्षी मला गेम खेळण्यापुरता कॉम्प्युटर हवा होता. तयार घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून ऑफिसातल्या पुण्याच्या सुजितबरोबर मी एस. पी. रोडच्या बोळांतून एकेक भाग जमवला. कॅबिनेट कुणीतरी वापरून टाकलेलं होतं. प्रोसेसर स्वस्तातला. मदरबोर्डवरचे जंपर, म्हणजे वेग ठरवणाऱ्या चिमुकल्या टोप्या, हलवून तो ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, असा सुजितचा बेत. पहिल्याच रविवारी गेम सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला पडदा गोठला. अण्णा दारात उभे होते. मी त्यांना कारण सांगितलं: वेग वाढवला की प्रोसेसर तापतो.

"म्हणजे माणसाला ताप आणून पळवायचं?" ते म्हणाले. चेहरा उतरला होता. मला वाटलं आता हे यंत्र घरातून काढ म्हणणार. पण ते जवळ आले, उघड्या कॅबिनेटपुढे उकिडवे बसले आणि त्यांनी पालथा हात आत घातला.

पुढचे तीन रविवार आम्ही त्या पेटीची हवा ठरवण्यात घालवले. अण्णांनी कॅबिनेटच्या बाजूचं झाकण काढून तिथे पारदर्शक प्लास्टिक ताणून चिकटवलं. अक्कांनी उदबत्ती लावून दिली. पेटलेलं टोक आपल्यापासून लांब धरत अण्णांनी ती पुढच्या फटीशी नेली. "बघ, आता हा धूर सांगेल," ते म्हणाले. धूर आत शिरला, हार्ड डिस्कशी लोंबणाऱ्या रुंद सपाट केबलला थडकला आणि तिथेच वेटोळं घालून बसला. प्रोसेसरपर्यंत पोचलाच नाही.

"इथं जीव कोंडतोय," अण्णा म्हणाले.

त्यांनी केबलच्या घड्या घातल्या, मोटारीच्या तारा बांधायच्या सुती फितीने त्या कडेला बांधल्या. पुढच्या बाजूची भोकं नुसती शोभेची निघाली, तेव्हा त्यांनी खाली खरी भोकं पाडली. गार हवा पुढून खालून येणार, गरम हवा मागून वरून जाणार. पुढे एक पंखा आत फुंकणारा, मागे वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा बाहेर फुंकणारा. मध्ये काही आडवं नको. मी वहीत आराखडा काढला तर त्यांनी तो दोनदा तपासला. प्रत्येक पंखा चालू करून त्यापुढे कागदाचा कपटा धरायला लावला आणि कपटा कुठे उडतो ते बघून पंख्यावर खडूने बाण काढला. "पंखा फिरतोय ह्यावर कधी जाऊ नकोस. कुठं ढकलतोय ते बघ." हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की सुजित आणि मी त्यांच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचो. पण कॉम्प्युटर गोठायचा थांबला. खरं सांगायचं तर मला वाटलं, प्रश्न मिटला, आता म्हाताऱ्याची कटकट बास.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सुजित आपला कॉम्प्युटर रिक्षात घालून घेऊन आला. दोन्ही जोडून समोरासमोर खेळायचं होतं. उकाडा होता, म्हणून मी सकाळीच मागच्या बाजूला आणखी एक पंखा बसवला होता. जास्त पंखे म्हणजे जास्त गारवा, एवढाच विचार. दोन्ही टेबलं मावावीत म्हणून माझं कॅबिनेट खिडकीच्या पडद्याला टेकवून ठेवलं. तास-दीड तास आम्ही आरडाओरडा करत खेळलो. मग मासळी करपल्यासारखा वास आला. मी सुजितकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. फट्ट असा आवाज झाला, कॅबिनेटच्या मागून काळा धूर निघाला आणि पडद्याची कड पेटली.

मी जागचा हललो नाही. आजही ते मला स्पष्ट आठवतं: ज्वाळा वीतभर होती, मग हातभर झाली, आणि माझे पाय जणू दुसऱ्याचे होते. सुजितनं पाण्याचा तांब्या उचलला.

"नीरु बेडा! पाणी नको!"

अण्णा जिन्यात होते. त्यांनी तिथला मुख्य स्विच खाली ओढला, खोलीत शिरले, पडदा दांडीसकट उपटून जमिनीवर टाकला आणि पायपुसणं त्यावर दाबून धरलं. काडीला घाबरणारा माणूस त्या धुरात गुडघे टेकून बसला होता आणि तोंडाने सारखं म्हणत होता, "बाहेर जावा, बाहेर जावा." आग विझली तरी ते पायपुसणं सोडत नव्हते. मी हात धरून त्यांना उठवलं.

मग ते कॅबिनेटकडे वळले. मागे वाकून बघितलं. "हा पंखा कुणी लावला?"

"मी."

"बाण काढला होतास?"

बाण काढला नव्हता. पंखा मी उलटा बसवला होता. शेजारच्या वीजपुरवठ्याच्या डब्यानं बाहेर टाकलेली गरम हवा तो पुन्हा आत ओढत होता, आणि पडद्यामुळे तिला दुसरीकडे जायला वाट नव्हती. मला वाटलं, अण्णा आता थोबाडीत मारतील. ते भिंतीला टेकून खाली बसले. ओठ पांढरे पडले होते.

"तू पण बघितलं नाहीस," ते म्हणाले.

त्यानंतर चार दिवस अण्णा वर आले नाहीत. अंगणात दिसले तरी मान फिरवायचे. मी खोली सोडायची तयारी ठेवली, पण त्याहून जास्त ते 'पण' मला छळत होतं. पाचव्या दिवशी सकाळी ते गच्चीवर टाकीतलं पाणी बघायला आले. मी मागोमाग गेलो आणि क्षमा मागितली. ते टाकीच्या कठड्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

होसकोट्याच्या कारखान्यात मोटारींना वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायचे. वार्निशची वाफ चटकन पेट घेते, म्हणून त्या खोलीच्या भिंतीत बाहेर हवा टाकणारा मोठा पंखा होता. त्याची मोटार जळाली. अण्णांनी ती दुरुस्त करून परत बसवली. जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली की असली मोटार उलटी फिरते. "चालू केला. फिरायला लागला. मी पुढच्या कामाला गेलो. स्वल्प थांबून बघायला पाहिजे होतं, तम्मा. एक कागद धरायला पाहिजे होता." पंखा हवा बाहेर टाकण्याऐवजी आत ढकलत राहिला. वाफ खोलीतच साठली. दुपारी त्यांचा कामातला जोडीदार बसप्पा भट्टीचं दार उघडायला गेला तो त्या आगीतून बाहेर आलाच नाही.

चौकशीत ठिणगी कुठून उडाली ते ठरलं नाही. पंखा तर जळून गेला होता. अण्णांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. अक्कांनाही नाही. अठरा वर्षं.

"रोज वाटतं, आज कुणीतरी येईल, विचारेल. बसप्पाची बायको हेब्बाळला रोपवाटिकेत कामाला हाय. दोनदा लांबनं बघून आलो. पुढं जायला पाय उचलत नाहीत."

मी चोवीस वर्षांचा होतो. "जाऊन सांगा," असं म्हणून बसलो आणि म्हटल्याबरोबर घाबरलो.

"सरी," ते म्हणाले. "पण तू ये बरोबर."

रविवारी निघताना ते म्हणाले की अक्कांना त्यांनी आदल्या दिवशी सांगितलंय. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. "काही नाही. हा शर्ट काढून दिला." शर्ट नुकताच इस्त्री केलेला होता. हेब्बाळपर्यंत बसमध्ये मला वाटत होतं, ती बाई किंचाळेल, लोक जमा होतील, पोलीस येतील. उतरल्यावर अण्णांनी माझं मनगट धरलं ते रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत सोडलं नाही.

बसप्पाची बायको गौरम्मा काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. अण्णांना त्यांनी लगेच ओळखलं आणि बसायला पोतं दिलं. अण्णा बसले नाहीत. उभ्या उभ्याच कन्नडमध्ये बोलले, आणि मला तेवढं कन्नड कळत होतं. त्यांनी काहीही गाळलं नाही. दोन तारा, फिरणारा पंखा, आपण बघायला न थांबणं, नंतरची अठरा वर्षं. बोलणं संपलं तेव्हा ते हात जोडून उभे होते.

गौरम्मा मातीकडे बघत होत्या. एका पिशवीची दुमडलेली कड त्यांनी सरळ केली, परत दुमडली, परत सरळ केली. मी फाटकाकडे बघून ठेवलं होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "ऊट आगित्ता?"

म्हणजे, बसप्पाचं जेवण झालं होतं का? अण्णांना प्रश्न समजायला वेळ लागला. मग गौरम्मा तुटक तुटक बोलल्या. त्या दिवशी सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं. बसप्पा रागावून, एक अक्षर न बोलता डबा घेऊन निघून गेला होता. तो डबा परत मिळालाच नाही. भांडणाच्या रागात त्यानं तो उघडला तरी होता का, हे सांगणारं कुणी नव्हतं.

"आगित्तु," अण्णा म्हणाले. "झालं होतं. आम्ही दोघं एकत्र बसलो होतो. चित्रान्नाचा भात होता. शेंगदाणे पुष्कळ होते. त्यानं मला अर्धं दिलं, आणि म्हणाला, बायकोनं रागात केलं तरी हात चुकला नाही."

गौरम्मांनी मातीचे हात तसेच तोंडावर घेतले. अण्णा त्यांच्यासमोर पोत्यावर बसले. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि अण्णांनीही ते मागितलं नाही. बसप्पा त्या दुपारी आणखी काय बोलला, कशाला हसला, ते गौरम्मा एकेक करून विचारत राहिल्या आणि अण्णा आठवून आठवून सांगत राहिले. ऊन डोक्यावरून कलेपर्यंत आम्ही तिथे होतो.

अण्णांची भीती त्यानंतर गेली असं मी म्हणणार नाही. इस्त्रीकडे ते तसेच बघत बसायचे. पण महिन्यातून एकदा इस्त्रीचा शर्ट घालून हेब्बाळला जायचे आणि येताना एखादं रोप आणायचे. वर्षभराने मी पुण्याला बदली घेतली. निघताना ते रिक्षापर्यंत आले, माझ्या सामानाच्या दोऱ्या ओढून बघितल्या आणि म्हणाले, "चुकलं तर लगेच सांगत जा रे, तम्मा. माझ्याएवढा उशीर करू नकोस." ऑफिसात माझ्या हातून काही बिघडलं की मला अजून घाम फुटतो, आणि तो वाळायच्या आत मी जाऊन सांगतो.

काही वर्षांनी अक्कांचा फोन आला. अण्णा झोपेत गेले होते. तेरावाही होऊन गेला होता, मला कळवायला त्यांना माझा नंबर उशिरा सापडला. मी विचारलं, कोण कोण आलं होतं.

"सगळे आले," अक्का म्हणाल्या. "हेब्बाळची गौरम्मा पहाटेच आली. मला उठूच दिलं नाही तिनं. सगळा स्वयंपाक तिनंच केला."