तापरांदिच आत्यानं नाकारलेली पाच एकरं

तापरांदिच आत्या रोज सकाळी अंगणातल्या, मधाच्या पोळ्यासाठी कोरलेल्या पोकळ ओंडक्यावर बोटानं टकटक करायची आणि कान लावून मधमाश्या आल्यात का ते ऐकायची. केनियाच्या सरकारनं आम्हाला आमच्या जंगलातून हुसकावलं, तेव्हा तिनं तेवढाच सोबत आणला होता.

नैरोबीच्या एका संस्थेनं जंगलाच्या जमिनीवरचा आमचा दावा टांझानियात आरुशाला, सगळ्या आफ्रिकेच्या न्यायालयात नेला. दावेदार म्हणून आत्याला निवडलं. निकाल जवळ आला तसा सरकारी माणूस घरी आला. दावा मागे घेतला, तर पाच एकर जमीन तिच्या एकटीच्या नावावर होणार होती.

संस्थेची वकील अवूर धावत आली, पण तिनं काही लपवलं नाही. "आजी, जमीन घ्या, मी अडवणार नाही. पण मग निकाल लागणार नाही, आणि दुसऱ्या देशांतल्या जंगलवाल्यांना आधार म्हणून दाखवायला काही राहणार नाही."

"आणि हरलो तर?"

"तर पाच एकरही गेली."

"वकील आहेस की माझी सवत? जरा गोड बोल की!" आत्या हसली. मग म्हणाली, "पाच एकरांत माझी माणसं मावायची नाहीत. त्याला सांग, नको."

पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो. जमीन अजून तुकड्यातुकड्यानं परत मिळते आहे.

मागच्या महिन्यात युगांडाहून आमच्यासारख्याच जंगलातून हुसकावलेल्या दोघी जणी आल्या. त्यांच्या दाव्यात आत्याचा निकाल जोडला होता. त्याच आठवड्यात आत्या गेली. त्या दोघी आल्या त्या दिवशी मात्र तिच्या खाटेवर कागद पसरू लागल्या, तशी ती मला म्हणाली, "ते राहू दे गं. आधी चहा टाक, लांबून आल्यात."