चपात्यांच्या नावावर खपवलेला अंगठा

माझा उजवा अंगठा चपात्या लाटून लाटून कामातून गेला, असा आमच्या घरातल्या सगळ्यांचा तीन आठवडे ठाम समज होता. फक्त माझा एकटीचा तसा समज नव्हता, एवढंच.

मुलुंडला आम्ही चौघं राहतो. मी, नवरा विजय, कॉलेजात जाणारी तन्वी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई लग्न होऊन गिरणगावात आल्या त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, पण त्यांची मालवणी अजून एसटीतून उतरलेली नाही. मी मरोळला एका खोकी बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच बघते. आणि घरी आले की मी पोलीस असते. फोन-पोलीस!

"चला, सगळ्यांचे फोन रोवळीत!" हा माझा रोजचा जेवणाआधीचा हुकूम. (रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची बांबूची टोपली. सासूबाईंनी गावाहून हौसेनं आणलेली. मी तिचा तुरुंग केला.)

"फोननं मान वाकते," मी आमटी वाढता वाढता सुरू करायची, "डोळे कोरडे पडतात, झोप उडते. माणसाचं माकड होतं, माकड!"

"मम्मी, माकडं फोन वापरत नाहीत," तन्वी म्हणायची.

"म्हणून तर ती सुखात आहेत! जेव."

सासूबाई कौतुकानं माझ्याकडे बघायच्या. "बरोबर बोलता सुलभा. शिका तिच्याकडसून!"

आता खरं सांगते. मुलुंड ते मरोळ बसनं जायला मला सव्वा तास लागतो. रस्ता खोदलेला असला तर किती, ते विचारू नका. (खोदलेला असतोच.) त्या बसमध्ये एक दिवस मी फोनवर एक गेम उघडला. रंगीबेरंगी फळं असतात. अंगठ्यानं सरकवायची, तीन सारखी एका रांगेत आली की 'फट्' करून फुटतात. बस्स, एवढंच. पण त्या 'फट्'मध्ये काय सुख आहे म्हणून सांगू! दिवसभर कुणी माझं ऐकत नाही. फळं ऐकतात!

आधी फक्त बसमध्ये खेळायचे. मग जेवणाच्या सुट्टीत खेळायला लागले. मग बाथरूममध्ये. (घरच्यांना वाटायचं, मला पित्ताचा त्रास आहे. विजयनं जिऱ्याचं पाणी सुरू केलं होतं.) कांजूरमार्गच्या कचऱ्याचा वास आला की सगळी बस नाकाला रुमाल लावते. मी कलिंगडं फोडत बसलेली. एकदा शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलंसुद्धा, "सर्दी झालीय का हो तुम्हाला?"

आणि मग एका मंगळवारी सकाळी, डब्याच्या चपात्या लाटताना, अंगठ्यापासून मनगटापर्यंत अशी एक कळ गेली की लाटणं हातातून उडालं, फ्रिजवर आपटलं आणि ओट्याखाली गेलं!

"आई गंऽऽ!"

सासूबाई पूजेतून धावत आल्या. हातात घंटी तशीच. "काय झाला गो? भाजलंस?"

"अंगठा... अंगठा हलत नाहीये..."

त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटासुलटा केला, पोळपाटाकडे बघितलं आणि निकाल दिला, "चपात्ये लाटून लाटून झाला ह्यां! रोजच्ये चोवीस चपात्ये. लोखंडाचो हात असलो तरी झिजात!"

वाचकहो, मी खोटं बोलले नाही. मी फक्त 'नाही' म्हणाले नाही.

त्या दिवसापासून घरात माझ्या अंगठ्याचं राज्य सुरू झालं. सासूबाईंनी निरगुडीचा पाला कुठून तरी पैदा केला, तो गरम करून अंगठ्याला बांधला आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. अंगठा दुधी भोपळ्याएवढा झाला. लाटणं सासूबाईंनी आपल्या ताब्यात घेतलं. "तू बस गप!" विजयला कणीक मळायला लावलं. पहिल्या दिवशी त्यानं इतकं पाणी घातलं की ती कणीक आम्ही डोशासारखी तव्यावर ओतली.

तन्वी कॉलेजातून आली की माझे केस विंचरून द्यायची. एक दिवस वेणी घालता घालता हळूच म्हणाली, "सॉरी मम्मी. आम्ही तुला किती राबवलं ना!"

खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण तेव्हा सांगायचं तरी कसं? फोनच्या नावानं जिला रोज झापत होते, तिलाच?

त्यात शेजारची हेतल आली. तिनं माझा भोपळा बघितला आणि डोळ्याला पदर लावला. "सुलभाताई, उद्या माझा पण असाच होणार ना? पंधरा वर्ष थेपला बनवते मी! बस झाला!" घरी जाऊन तिनं नवऱ्याच्या हातात लाटणं दिलं. दोन दिवसांत आमच्या विंगमधल्या चार घरांत पुरुष चपात्या लाटायला लागले! लिफ्टमध्ये ते माझ्याकडे असे बघायचे की मी जिन्यानं जायला लागले. जाताना बायका अदबीनं बाजूला होऊन मला वाट द्यायच्या.

आता कुणाला वाटेल की एवढं झाल्यावर बाईनं गेम तरी सोडला असेल. छे! उलट चपात्या नाहीत, भांडी नाहीत, संध्याकाळी आराम करायची सक्ती. मी पांघरुणात शिरून डाव्या अंगठ्यानं खेळायला लागले. तिसऱ्या आठवड्यात डावाही दुखायला लागला.

"डावा कसा काय दुखतो?" विजयनं विचारलं. "लाटत तर नाहीयेस तू."

"उजव्याचा भार डाव्यावर आला असेल."

"भार कसला? तू काहीच तर करत नाहीस!"

"तां काय नाय!" सासूबाई आतून ओरडल्या. "मोठ्या डाक्टराक दाखव तिका! उद्याच्या उद्या!"

घाटकोपरला हाताच्या एक खास डॉक्टर आहेत, असं विजयला ऑफिसात कुणीतरी सांगितलं. आम्ही तिघं रिक्षानं गेलो. सासूबाईंना घरी थांबा म्हटलं तर त्या आधीच चपला घालून दारात उभ्या होत्या. "ती घाबरात," म्हणाल्या.

डॉक्टर तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी आधी माझी पट्टी सोडवली. "अंगठा आत घेऊन मूठ मिटा," म्हणाल्या. मिटली. "आता मनगट करंगळीच्या बाजूला वाकवा."

मी अशी किंचाळले की बाहेर बसलेला एक पेशंट उठून घरी गेला. सासूबाईंनी लगेच पट्टी पुन्हा गुंडाळली.

"अंगठ्याची दोरी मनगटाशी ज्या नळीतून सरकते ना, ती सुजलीय," डॉक्टर म्हणाल्या. "एकच हालचाल सारखी सारखी केली की होतं असं."

"चपात्ये लाटून होता काय?" सासूबाईंनी विचारलं.

"होऊ शकतं ना, आजी."

मला डॉक्टरांचा गालगुच्चा घ्यावासा वाटला! पण त्या पुढे म्हणाल्या, "फोन किती वापरता?"

"फोन?" सासूबाई हसल्या. "माझी सून? अहो, ती कोणाक वापरूक देना नाय!"

"तरी बघूया. हल्ली फोनमध्येच कळतं. द्या जरा."

"चार्जिंग संपलंय," मी म्हणाले.

"माझ्याकडे पॉवर बँक आहे!" विजय उत्साहानं म्हणाला. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस नको तेव्हाच कामाला आलाय.

डॉक्टरांनी फोनमध्ये दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि भुवया वर नेल्या. "हा फळांचा गेम... रोजचे चार तास वीस मिनिटं."

"फळां?" सासूबाईंना कळेना. "खयची फळां? घरात केळा नाय धड!"

विजयला कळलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, भोपळ्याकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. तीन आठवडे कणीक मळलेले हात! मग त्यानं आईला हळू आवाजात सगळं समजावलं. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या हाडांकडे बघत बसले. ती हाडंसुद्धा माझ्याकडे बोट दाखवत होती.

मला वाटलं, आता सासूबाई ओरडणार. त्या नुसत्या "असां" म्हणाल्या आणि उठल्या. खाली ठेवलेली पिशवी त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून उचलली. बोटं न लावता, एखादी गरम कढई उचलावी तशी.

"आजी, बसा जरा," डॉक्टर एकदम म्हणाल्या. "मूठ मिटा बघू. अंगठा आत. आता वाकवा."

सासूबाई किंचाळल्या नाहीत. ओठ घट्ट मिटले, एवढंच. आणि डोळे भरून आले.

"किती दिवस आहे हे?"

"दिवस?" त्यांनी हिशेब केला. "विजय पाचवीत होतो तेव्हापासून येता नि जाता."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगान काय करतलंय? चाळीतल्या सगळ्या बायकांचा दुखायचा. माका वाटला, हात असोच असता."

विजय भिंतीवरचं हाडांचं चित्र फार लक्ष देऊन वाचत होता, आणि ते इंग्रजीत उलट्या बाजूनं लिहिलेलं असावं इतका वेळ त्याला लागत होता.

मी मनात मोजत होते. रोजच्या चोवीस, तीन आठवडे. माझ्या कलिंगडांपायी या बाईनं तो अंगठा घेऊन पाचशे चपात्या लाटल्या होत्या. आणि एकदाही त्यांच्या तोंडून 'हुं' आलं नव्हतं.

रिक्षात मी रडायला लागले. "आई, मला ओरडा ना!"

"ओरडतलंय. आधी नाक पूस."

मी नाक पुसलं.

"खोटा कित्याक बोललंस?"

"सगळ्यांना फोनवरून झापत होते ना मी... मग मलाच..."

"लाज वाटली?"

"हो."

त्यांनी माझा भोपळा आपल्या मांडीवर घेतला आणि त्याची पट्टी सोडवता सोडवता म्हणाल्या, "तीन आठवडे माका झोप नाय. म्हटलां, आमच्या घरात येवन पोरीचो हात गेलो. तुझ्या आवशीक काय तोंड दाखवू?" त्यांनी पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. "फळांनी गेलो तर बरा झाला. आमची चूक नाय!"

त्यावर विजय हसला आणि मग आम्ही तिघंही हसलो, मी अर्धी रडत. रिक्षावाल्यानं आरसा सरळ केला.

घरी तन्वीला सांगणं सगळ्यात कठीण होतं. मी सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, शांतपणे आत गेली, रोवळी घेऊन आली आणि माझ्यापुढे धरली. मी गेम काढून टाकला आणि फोन रोवळीत ठेवला. मग मात्र ती गादीवर लोळून लोळून हसली. "चार तास! मम्मी, मी पण एवढा नाही वापरत!" (हे खोटं होतं. पण मी कुठल्या तोंडानं बोलणार?)

हेतललाही सांगायला गेले. तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "शूऽऽ! माझ्या मिस्टरांना नका सांगू हां! आत्ता कुठे गोल यायला लागलाय!"

चपात्या आता विजयच करतो. डॉक्टरांनी मला पट्टा दिला, व्यायाम सांगितले, आणि मी बरी झाले. सासूबाईंचं दुखणं जुनं, त्यामुळे त्यांना अंगठ्यापाशी एक इंजेक्शन द्यायचं ठरलं. या वेळी मी रजा टाकली. म्हटलं, यांच्यासाठी काहीतरी करायची ही वेळ आहे.

"आई, अजिबात घाबरू नका," मी त्यांचा डावा हात घट्ट धरून म्हणाले. "मी आहे ना! माझ्याकडे बघा. फक्त माझ्याकडे."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी सुईकडे बघितलं.

त्यानंतरचं मला आठवतं ते छत. पंखा. आणि पंख्याच्या जागी आलेला सासूबाईंचा चेहरा.

"उठ गो," त्या म्हणाल्या. "माझा झाला."

त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती. डाव्या हातानं मला कमरेला धरून त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरवत होत्या. रिक्षावाला धावत आला, त्यानं मला दुसऱ्या बाजूनं धरलं, आत बसवलं.

"मौसी, पेशंट कौन है?" त्यानं विचारलं.

"पेशंट मैं है!" सासूबाई मोठ्या अभिमानानं म्हणाल्या. "सुई मेरे को टोचा. पडला ये!"

रिक्षावाल्यानं मागे वळून मला एकदा नीट बघून घेतलं. "ठीक है मौसी," तो म्हणाला, "धीरे चलाता हूँ. इनको तकलीफ होगी."

मी मागे टेकून डोळे मिटले. त्यानं रिक्षा हळू चालवली, ते मला खरोखरच फार बरं वाटत होतं.