जेवायला आलेला साहेब

माणूस कसा आहे ते जेवताना कळतं, असं इमामबी म्हणायची. हंबीरराव तिच्या घरी तीनदा जेवला होता. तिन्हीदा त्याने नळी फोडून चोखली, रश्श्याची चौथी वाटी मागितली आणि निघायच्या वेळी फोन कानाला लावून दोन गोड शब्दसुद्धा न बोलता सटकला. तेव्हाच तिने त्याच्या नावावर फुली मारली होती. पण नवऱ्याला कोण सांगणार?

इमामबी कोल्हापूरशेजारच्या उचगावची. मंगल कार्यालयात जावळाचं, वाढदिवसाचं मटणाचं जेवण असलं की स्वैपाक तिच्याकडे. तीस वर्षं तिने हॉलच्या मागच्या पत्र्याखाली उभं राहून तांबडा-पांढरा उकळला. पुढे मांडवात काय चाललंय ते तिला फक्त लाऊडस्पीकरवरून कळायचं. नवरा लालासाब फौंड्रीत सुपरवायझर. कामाला वाघ, पण कुणी 'तुमच्यासारखा माणूस न्हाय' म्हटलं की गडी गेलाच.

हंबीररावाने हे बरोबर हेरलं. बारावी नापास झालेलं हे ध्यान फौंड्रीतल्या लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायचं आणि स्वतःला सल्लागार म्हणवून घ्यायचं. तीन वर्षं त्याने लालासाबच्या पगारातून कापलेला टॅक्स परत मिळवून दिला. वर्षाला चाळीस हजार, त्यातले सहा त्याचे. कसा मिळवला, ते त्याला कुणी विचारलं नाही. आणि यंदा नोटीस आली. दाखवलेली वजावट खोटी, टॅक्स आणि व्याज मिळून एक लाख अठ्ठावन्न हजार भरा.

लालासाबचं जेवण तुटलं. हंबीरराव मात्र हसतच आला.

"टेन्शन कशाला घेताय? साहेब आपल्या खिशात हाय. पन्नास हजारात फाईल बंद!"

घरात पन्नास हजार होते, पण ते इमामबीचे. एकेका ऑर्डरीतून साठवलेले. रस्त्याकडेचा एक गाळा तिने बघून ठेवला होता. अनामत द्यायची, स्वतःची खानावळ टाकायची आणि लोकांच्या मागच्या दाराला उभं राहणं कायमचं बंद करायचं. गाळेवाल्याने दोन आठवड्यांची मुदत दिली होती.

"दे की गं," लालासाब म्हणाला. "आज ना उद्या सरकार सूट देतंयच. घरफाळ्याच्या व्याजाला दिली, लाईट बिलाला दिली. तोवर फाईल तरी दबून ऱ्हाईल."

"व्हय व्हय, सरकार म्हंजे तुमची सासुरवाडी! जावयाचं लाड करतंय."

तोंडाने बोलली खरी, पण रात्रंदिवस त्याचं उतरलेलं तोंड बघून तीही घायकुतीला आली होती. शेवटी तिने हंबीररावालाच गाठलं.

"पैसं देतो मी. पर साहेबाला जेवायला आणा. जेवल्याबिगर आपल्यात कुठला व्यवहार मिटलाय?"

कोल्हापूरच्या माणसाने मटणाला नाही म्हणायचं म्हणजे संशयाला आवतण. हंबीरराव हो म्हणाला.

रविवारी दुपारी साहेब आला. सफारी, काळा चष्मा, कलप लावलेले केस. हंबीररावाने त्याला बोलू नकोस म्हणून बजावलं असावं, कारण तो नुसती मान हलवत होता. आत कनवटीला पन्नास हजार बांधून इमामबी वाढत होती. एक वाटी झाली, दोन झाल्या. तिसरी वाटी पोटात गेली आणि साहेबाला राहवेना. त्याने ढेकर दिली, घसा खाकरला आणि म्हणाला, "यजमानांचा हा पाहुणचार पाहून मन अगदी भारावून गेलं आहे!"

इमामबीचा पळीवरचा हात थांबला. हा आवाज! दहा-बारा वर्षं पत्र्यामागे उभी राहून ती लाऊडस्पीकरवर हाच आवाज ऐकत आली होती.

"साहेब," ती बाहेर येऊन म्हणाली, "जेवल्याशिवाय कुनी जाऊ नये, असं तुमीच म्हनता न्हवं माईकवर?"

शहाण्या माणसाने कानांवर हात ठेवले असते. पण निवेदकच तो! त्याचा चेहरा असा खुलला म्हणता! "अरे वा! ताई, कुठल्या कार्यक्रमाला होता तुम्ही?"

हंबीररावाने त्याला कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता.

"पाठीमागं होतो मी. ज्या पातेल्यातलं तू दर कार्यक्रमाला गिळतोस, त्या पातेल्यापाशी!" इमामबीचा आवाज गल्लीभर गेला. "आनि तू रं हंबीरराव? लोकांस्नी फसवायला साहेब आणलास, तोबी भाड्यानं? अरं, जरा चांगला तरी आणायचास! ऊठ. हात भाईर जाऊन धू."

दोघे तसेच खरकट्या हातांनी पळाले. लालासाब ताटाकडे बघत बसून राहिला.

सोमवारी इमामबीने त्याला ओढतच शाहूपुरीत अक्षता कांबळेच्या ऑफिसात नेलं. ही मुलगी टॅक्सची रीतसर कामं करायची. साहेबाच्या जेवणाची गोष्ट ऐकून ती हसली. "मावशी, आता तपासणी सगळी ऑनलाइन. फाईल कुठल्या साहेबापुढं जाते, ते आम्हालाही कळत नाही."

"मग माफ कसं हुतंय, ते सांग."

"मूळ टॅक्स माफ होत नाही. मागणी चुकीची असती तर अपील केलं असतं, तोवर वसुली थांबवा म्हटलं असतं. पण ही बरोबर आहे. हप्ते मागू. उशिराचं व्याज कमी करा असाही अर्ज असतो, पण त्याला खरी अडचण लागते, आणि चूक आपल्या हातची नसावी लागते." ती लालासाबकडे वळली. "काका, एका पक्षाला दरवर्षी दोन लाख देणगी दिली, असं लिहिलंय. फोनवर आलेला ओटीपी कुणी सांगितला?"

"मीच."

"कशाचा ते माहीत होतं?"

लालासाबने मान खाली घातली. "सगळीच करत्यात, म्हणला हंबीरराव."

इमामबीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हाही त्यातलाच! "लाज न्हाय वाटली? चोर त्यो एकटाच समजत हुतो मी. काय केलंसा त्या पैशाचं? कुठं उधळलासा?"

लालासाबने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं.

"तुझी मोठी शेगडी. दोन डेगा. ईदला आणल्या त्या. पगार किती, तुला ठावं हुतं. तूच म्हणलीस, कुठनं आणल्या ते इचारत न्हाय, आणल्या ते ब्येस केलंसा."

म्हणाली होती ती. अगदी ह्याच शब्दांत. तीन वर्षं त्याच शेगडीवर शिजवून तिने हे पन्नास हजार साठवले होते. दुसऱ्याचं ताट बघून त्याची जात ओळखणाऱ्या बाईने स्वतःच्या चुलीखाली वाकून बघितलं नव्हतं.

मग तिने कनवटीची गाठ सोडली.

"हप्त्याचा अर्ज लिही, पोरी. पयला हप्ता ह्यातनं भर. आनि चूक कुनाच्या हातची ते इचारलं, तर दोघांच्या म्हन."

पुढच्या रविवारी जावळाची ऑर्डर होती. गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला होता. इमामबी पत्र्याखाली त्याच शेगडीवर डेग चढवत होती, आणि पुढून लाऊडस्पीकर गोड आवाजात सांगत होता, जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये.