खुराड्यापाशी पडलेला तवा

माझ्या बायकोचं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि त्यातून मी चोरी केली. मधलं सगळं सांगतो.

कर्जतच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "शक्य असेल तर लोखंडाच्या भांड्यात स्वयंपाक करत जा." ते सहज बोलून गेले. पण मी शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून तीस वर्षं नोकरी करून नुकताच निवृत्त झालो होतो. परीक्षानळ्या धुवायच्या नव्हत्या, पोरांवर डोळे वटारायचे नव्हते. अशा माणसाला एवढं एक वाक्य पुरतं. त्याच संध्याकाळी मी बाजारातून नवा बिडाचा तवा घेऊन आलो.

पहिलं घावन त्या तव्याला असं चिकटलं की उलथन्यानं निघेना. मग मी स्क्रू ड्रायव्हर आणला. बायको म्हणाली, "लोह मिळायला आता हा तवाच चावून खायचा का?"

मी तवा घेऊन दुकानात परत गेलो. दुकानदार हसला. "काका, नवं बीड खरखरीतच असणार. जुना तवा बघा कुणाकडे. वर्षानुवर्षं उलथनं फिरून आरशासारखा झालेला असतो."

जुना तवा कुठे आहे ते मला ठाऊक होतं. माझी थोरली बहीण खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात राहते. तिला आम्ही आक्का म्हणतो. मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात कामाला जातात, दिवसभर घरात आक्का आणि तिच्या कोंबड्या. खुराड्याच्या फळीच्या दाराला कडी नव्हती, म्हणून तिथे एक भला थोरला बिडाचा तवा टेकवून ठेवलेला असे. गंजून तांबडालाल झालेला, वर कोंबड्यांनी केलेली रांगोळी. कित्येक वर्षं मी तो बघत आलो होतो.

स्कूटर काढून गेलो. चहा झाल्यावर म्हणालो, "आक्का, तो तवा मला दे ना."

"कुठला?"

"तो काय, खुराड्याला लावलेला."

तिनं मान वळवून तव्याकडे पाहिलं. बहुतेक कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.

"तो? तो माज्या सासूचा हाय. तो नाय द्यायची."

"अगं, कोंबड्या हगतात त्याच्यावर."

"हगू दे. सासूचा हाय."

तिच्या सासूचं आणि तिचं कधी जमलं नव्हतं हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण मी मागितला आणि त्या क्षणी तो तवा खानदानी झाला. आणखी पाच मिनिटं विनवण्या केल्या असत्या तर तिनं तो देव्हाऱ्यात मांडला असता. मी विषय सोडून दिला.

वालाच्या शेंगांचे दिवस होते. माझ्यासाठी शेंगा तोडायला आक्का टोपली घेऊन मागच्या शेतात गेली आणि मी अंगणात एकटा उरलो. साठी उलटलेला, आयुष्यात शाळेचा खडूही घरी न आणलेला माणूस मी. पण हात आपोआप चालले. तवा उचलला, स्कूटरला अडकवलेल्या कापडी पिशवीच्या तळाशी घातला आणि खुराड्याच्या दाराला एक कौल टेकवून ठेवलं. छाती अशी धडधडत होती की कोंबड्याही माझ्याकडे बघायला लागल्या.

आक्का आली. तिनं टोपलीतल्या शेंगा पिशवीत ओतल्या आणि सवयीनं पिशवी उचलायला गेली. ती हलेना.

"रं, शेंगा एवढ्या जड?"

"यंदा दाणा चांगला भरलाय," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी किक मारली.

घरी पोचल्यावर बायकोनं शेंगा काढल्या, मग तवा काढला. "हा कुठून आणलात?"

"बाजारातून."

तिनं तवा उजेडाकडे धरला. "बाजारात आता तव्याबरोबर कोंबडीचं पीसही देतात का?"

तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. ती गंभीर चेहऱ्यानं उठली, दार लावून घेतलं आणि मग पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या क्षणापासून ती गुन्ह्यात सामील होती.

आता माझं काम सुरू झालं. गंज म्हणजे काय हे मी फळ्यावर लिहिलेलं हजार वेळा पुसलं होतं, त्यामुळे विश्वास दांडगा होता. मागच्या अंगणात तीन विटा मांडून जाळ केला आणि तवा त्यावर पालथा घातला. जुनी काजळी, कोंबड्यांची कलाकुसर, सगळं जळून त्याचे पापुद्रे सुटले. वास असा सुटला की शेजारीण विचारायला आली, "काही मेलंय का?"

तवा निवल्यावर विटेची पूड आणि काथ्या घेऊन घासायला बसलो. दोन दिवस घासला. मग चिंचेचं पाणी लावून अर्धा तास ठेवला. चिंचेच्या आंबटानं गंज सुटतो, पण जास्त वेळ ठेवलं तर बीडच खाल्लं जातं, म्हणून घड्याळ लावून बसलो होतो. धुऊन, पुसून, चुलीवर कोरडा केला तेव्हा खालून राखाडी रंगाचा, तळहातासारखा मऊ पृष्ठभाग वर आला. आक्काच्या सासूला मी कधी फारसं मानलं नव्हतं, पण तिनं या तव्यावर केवढी घावनं टाकली असतील त्याचा हिशेब माझ्या बोटांना लागत होता.

त्यानंतर तेल मुरवणं. इथे मी माती खाल्ली. मला वाटलं जितकं तेल जास्त तितकं चांगलं. वाटीभर ओतलं आणि तापवलं. घरात धूर कोंडला, बायको खोकत शेजारी निघून गेली आणि तव्यावर डिंकासारखा चिकट थर बसला. तो पुन्हा जाळून काढावा लागला. दुसऱ्या खेपेला शेजारणीनं शिकवलं. आधी तव्यात तांदळाची पेज उकळवायची. मग तेलाचं बोट फिरवून फडक्यानं पुसून टाकायचं, इतकं की तेल लावलंच नाही असं वाटावं. मग धूर येईपर्यंत तापवायचा, निवू द्यायचा. पुन्हा तेच. मी सहा वेळा केलं. शेवटी अर्धा कांदा काट्याला टोचून तापल्या तव्यावर फिरवला, आणि तवा काळाभोर होऊन चमकायला लागला.

पहिलं घावन फाटलं. दुसरं अर्धं आलं. तिसऱ्याला बायकोनं उलथन्याचं टोक नुसतं लावलं आणि ते जाळीदार घावन आपणहून कडेनं सुटून वर आलं. आम्ही दोघांनी ओट्यापाशी उभ्यानंच ते खाल्लं.

तेवढ्यात आक्काचा फोन.

"रं, घरात चोर शिरला व्हता."

मी हात लांब करून गॅस बंद केला.

"तू गेलास त्याच दिसाचं. माज्या आत्ता ध्यानात येतंय. सासूचा तवा नेला मेल्यानं. आन् तिथं कौल ठेवलं. ते कौल काय राहतंय? मुंगसानं ढकललं आन् तांबडी कोंबडी नेली. अंड्यावरची व्हती रं!"

"कोण असेल?" मी विचारलं.

"भंगारवाला. दुसरा कोन? आज टेंपो थांबवला त्याचा. सगळा माल रस्त्यावर उतरवायला लावला. नाय गावला. पन हाय तोच."

फोन ठेवल्यावर घावन गोड लागेना. तवा चोरला याचं मला काही वाटलं नव्हतं, खरं सांगतो. पण आता एक कोंबडी जिवाला मुकली होती आणि एका भल्या माणसानं भर उन्हात आपल्या टेंपोतला सगळा पत्रा उतरवून परत चढवला होता. बायको म्हणाली, "सांगून टाका." मी म्हणालो, "सांगतो." आणि सांगण्याऐवजी बाजारातून एक गावठी कोंबडी घेऊन आक्काकडे गेलो.

"ही कशाला?" आक्का म्हणाली.

"तुझी गेली ना."

तिनं कोंबडी हातात तोलली, मग माझ्याकडे पाहिलं. "माज्या लग्नात तू एक ताट दिलं व्हतंस. तेबी पिचकं." ती खूष झाली होती, आणि त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं.

पंधरा दिवसांनी ती डोळे तपासायला कर्जतला आली आणि दवाखान्यातून थेट आमच्याकडे टेकली. मी तवा कपाटामागे सरकवणार होतो, पण बायकोच्या अंगात आलं होतं. ती म्हणाली, "वन्सं, घावनं टाकते गरम गरम," आणि सरळ तोच तवा गॅसवर ठेवला.

आक्का ओट्यासमोर स्टुलावर बसली. डोळ्यांत डॉक्टरांचं औषध होतं, पण तवा काही दिसत नव्हता असं नाही. एक घावन खाल्लं, दोन खाल्ली, पाच खाल्ली. ओलं खोबरं आणि गूळ मागून घेतलं. मग बोटं चाटत म्हणाली, "तवा बरा हाय तुमचा."

"बरा?" मी म्हणालो.

"बरा हाय. पन आमचा जो चोरीला गेला ना, त्याची सर नाय. त्याच्यावर घावन कसं उठायचं! हा जरा हलका वाटतो. बाजारचा माल."

बायको माझ्याकडे बघून मान हलवत होती, गप्प बसा म्हणून. मी गप्प बसलो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण दोन दिवस घासलेले माझे खांदे अजून दुखत होते, सहा वेळा तेल मुरवलं होतं, आणि ही बाई त्याला बाजारचा माल म्हणत होती.

"अगं, हाच तो!" मी ओरडलो.

आक्कानं ताट खाली ठेवलं.

"हाच म्हंजे?"

"तुझ्या सासूचा. मी नेला. शेंगांखाली घालून."

तिनं वाकून तवा नीट पाहिला. मग म्हणाली, "म्हंजे माजी कोंबडी तू खाल्लीस."

"मुंगसानं खाल्ली."

"मुंगूस तुजाच भाऊ." आणि बायकोकडे वळून, "टाक गं अजून एक. माज्याच तव्यावरचं हाय."

जाताना ती तवा घेऊन गेली. तोवर मला वाटलं, स्वस्तात सुटलो. रविवारी तिचा निरोप आला, ये म्हणून. गेलो तर तिच्या अंगणात पाच-सहा बायका बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात गंजकं बीड. तवे, कढया, एक आप्पेपात्र तर असं की त्याच्या खळग्यांत मुंग्यांनी घर केलं होतं. "माजा भाऊ शाळेत शास्त्राचे प्रयोग करायचा," आक्का त्यांना सांगत होती. "त्याला सगळं येतं. आन् तो नाय म्हनायचा नाय. काय रं?"

मी नाही म्हणालो नाही.

शिवाय तिनं भंगारवाल्यालाही बोलावून ठेवलं होतं. सगळ्यांदेखत मला त्याची माफी मागायला लावली. तो बिचारा हातात चहाची बशी घेऊन संकोचून उभा होता. माझं ऐकून म्हणाला, "काका, मला सांगायचं ना. असले दहा तवे पडलेत माझ्याकडं. कोण घेतो आजकाल?" पुढच्या आठवड्यात त्यानं खरंच एक आणून दिला, एका कानाचा. माझी बायको आज त्याच्यावरच घावनं टाकते.

तर मी दर रविवारी आक्काच्या अंगणात घासायला बसू लागलो. बायका भोवती बसून सूचना द्यायच्या, माझ्या हिशेबानं जरा जास्तच. चौथ्या रविवारी गावातल्या एका म्हाताऱ्या आजींचा तवा माझ्या हातात होता. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत जड. मी गप्पांच्या नादात होतो. जाळावरून उतरवलेल्या तव्यावर मी तांब्याभर गार पाणी ओतलं. टण्ण आवाज झाला आणि काठापासून काठापर्यंत चीर गेली. मी कान धरून उचलला तर अर्धा तवा हातात आणि अर्धा जमिनीवर.

या खेपेला मी वाट पाहिली नाही. दोन्ही तुकडे घेऊन सरळ आजींच्या दारात गेलो, मागोमाग दोघीतिघी बायका. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"आजी, माझ्या हातून तुमचा तवा फुटला. चूक माझी. तुम्ही म्हणाल तसला भरून देतो."

आजींनी सूप बाजूला ठेवलं. दोन्ही तुकडे जोडून बघितले, पुन्हा सुटे केले.

"नक्की फुटला? जोडता नाय येनार?"

"नाही हो. बीड जोडलं जात नाही."

"बरं झालं!" त्या म्हणाल्या, आणि बोळकं पसरून हसल्या. "लगीन झाल्यापासून उचलत आली. मनगट गेलं माजं. सून म्हनते, जुनं सोनं हाय, टाकू नका. ती कवा उचलत नाय. आता आनील तो हलका, काळा, कोटिंगवाला. तुला चा ठेवू?"

चहा घेऊन परतलो तेव्हा आक्का फाटकात उभी होती. मला वाटलं आता बोलणार. ती माझ्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "रं, अजून दोघीजनी विचारत्यात. गार पानी त्यांच्या तव्यावर कवा वततोस?"